सायराची वायरिंग

"बाईच्या हातात वायरिंग दिली, तिथंच माझं चुकलं!"

मुबारकचा आवाज मुळातच मोठा. कतारला सुतारकाम करताना करवतीच्या वर ओरडून बोलायची सवय लागली, ती पनवेलला परत आल्यावरही सुटली नाही. त्यामुळे हे वाक्य एकट्या सायराने ऐकलं नाही. खुर्चीत बसलेल्या काळूराम कोळ्याने ऐकलं, शेजारच्या पंक्चरवाल्याने ऐकलं, त्याच्याकडे चाक घेऊन आलेल्या रिक्षावाल्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं.

सायराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलायला तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्या रिक्षावाल्यासमोर रडण्यापेक्षा तिने जीभ चावून घेतली असती. ती गप्प राहिली. ही गोष्ट तिला पुढे दुपारभर खुपत राहिली.

मशीन दोघा भावाबहिणींनी घरच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं केलं होतं. लाकडावर कॉम्प्युटरने नक्षी कोरणारं. लोखंड कळंबोलीच्या बाजारातून निवडून आणलेलं, जोडणी मुबारकची. वीज, मोटारी आणि सेन्सर सायराचे. ती डिप्लोमा झालेली, तळोज्याच्या एका कारखान्यात पॅनेल जोडायची. "सोड ती नोकरी," मुबारक म्हणाला होता, "घरचं मशीन बनवू, अर्धं तुझं." तिने सोडली. भावाच्या शब्दावर स्टँप पेपर कोण मागतो?

मशीनच्या टेबलावरून एक लोखंडी पूल मागेपुढे पळायचा, त्यावर कोरणारं हत्यार. पुलाच्या पायाशी सायराने प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवला होता, अंगठ्याएवढा, पितळी अंगाचा. त्याला शिवावं लागत नाही, लोखंड नुसतं समोर आलं की त्याचा लाल दिवा लागतो. टेबलाच्या दोन्ही टोकांना तिने लोखंडी बोल्ट ठोकले होते. पूल टोकाला पोचला, सेन्सरला बोल्ट दिसला, की मशीन जागच्या जागी थांबणार. नाहीतर पूल टेबलाबाहेर जाऊन मोटारीचं वाटोळं करणार. सेन्सर धरणारी पट्टी तिने तीनदा कापली, हवं ते अंतर मिळेपर्यंत चेकनट आवळत-सोडत बसली, आणि भुसा जाऊ नये म्हणून सेन्सरचं तोंड मोकळं ठेवून वरून पत्र्याचं झाकण स्क्रूने घट्ट बसवलं.

आणि आज पहिलं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना पूल अधल्यामधल्या जागी थांबत होता. टोक दूर, बोल्ट दूर, तरी स्क्रीनवर तेच: हद्द संपली. हळू चालवला तर शहाण्यासारखा जायचा, वेगात सोडला की अडायचा.

काळूराम करंजाहून आला होता. मोडीत काढलेल्या आपल्या बापाच्या होडीची सागवानी फळी त्याने गोणपाटात गुंडाळून आणली होती. नव्या बोटीचं नाव त्याच फळीवर कोरून हवं होतं. फळी एकच. चुकली तर दुसरी आणायला बाप परत होडी बांधायला येणार नव्हता. म्हणून आधी प्लायवर कोरून बघत होते, आणि प्लायवर निम्मी अक्षरं उमटून पूल परत परत अडकत होता.

"शेट, जमात नसंल तर सांगा," काळूराम म्हणाला. "रागवाचा नाय, पन फली मी अशी लावनार नाय."

"जमतं, काका. कळंबोलीचा एक वायरमन आहे, चार वाजता बोलावतो. सगळ्या वायरी उपटून नव्याने टाकेल." मग सायराकडे वळून, काल ठरलेलीच गोष्ट असावी तसा तो म्हणाला, "तू आता घरात अम्मीकडे बघ. हे आपल्याला झेपणार नाही."

आपल्याला! लांब उभं राहून उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याने 'आपल्याला' म्हणावं!

मुबारक नमाजला गेला. काळूराम चहाला गेला. सायराने ओढणी कमरेला बांधली आणि मल्टिमीटर घेतला. तपकिरी वायर, निळी वायर, काळी वायर, एकेक तपासली. अर्थिंग तपासलं. मोटारीच्या केबलजवळून जाणारी सेन्सरची केबल लांब ओढून बांधली. पूल वेगात सोडला. अडला.

खरा संताप तिला आता आला, आणि तो मुबारकचा नव्हता, स्वतःचाच होता. वायरी तपासता तपासता तिलाही वाटू लागलं होतं की आपलंच कुठेतरी चुकलं असणार. एक माणूस ओरडला आणि हिचा आपल्या हातांवरचा विश्वास उडाला! स्वतःच बंद केलेलं झाकण उघडून बघायचं तिला सुचलंही नव्हतं. तिथे काय बघायचं, ते तर आपण घट्ट केलंय, या तोऱ्यात ती होती.

ती जमिनीवर गोणपाट टाकून आडवी झाली. झाकणाला एक स्क्रू कमी होता. तिने चार लावले होते.

झाकण उतरवलं. पुलाच्या पोटाखाली, सेन्सरच्या अगदी शेजारी, काळ्या दोऱ्याला घोड्याची नाल लोंबत होती. अस्सल लोखंडी. पूल हळू चालला की नाल गप्प लटकायची. वेगात सुटला की झोका घेऊन सेन्सरच्या तोंडासमोर यायची, लाल दिवा लुकलुकायचा आणि बिचारं मशीन टोक आलं समजून थांबायचं. सेन्सर इमानदार, वायरिंग चोख. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

मुबारक टोपीची घडी करत आत आला, तेव्हा ती नाल हातात घेऊन उभी होती.

"कुणी बांधली?"

त्याचा चेहराच बोलला. "अगं… परवा बांधली. विसरूनच गेलो. एवढ्याशा नालेने काय होणार, वायरला तर लागत नाही."

"सेन्सर लोखंड बघतो, भाई. वायरला लागायला कशाला हवी? आणि मशीनला कुणाची नजर लागणार होती?"

"मशीनला नाही." त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "तुला. मोहल्ल्यातले लोक मशीन बघायला यायचे आणि तुलाच बघत बसायचे. जवान पोरगी, पान्हा घेऊन झोपलीय मशीनखाली. मला भीती वाटायची."

दुसऱ्या एखाद्या दिवशी सायरा विरघळली असती. आज तिचा राग दुप्पट झाला.

"लोकांची नजर लागायच्या आधी तुझी जीभ लागली मला."

"बरं बाबा, चुकलं. झालं ना? आता चालू कर, काळूकाका येतोय."

काळूराम दारात आलाच. मुबारक हसत पुढे झाला. "या काका, सापडलं! एक कनेक्शन लूज होतं, झालं टाईट."

"खोटं," सायरा म्हणाली.

पंक्चरवाल्याचा हातोडा थांबला.

"सायरा," मुबारक दातावर दात ठेवून म्हणाला, "बाहेरच्या माणसासमोर भावाची इज्जत काढतेस?"

"माझी काढलीस तेव्हा हाच माणूस बसला होता. याच खुर्चीत."

काळूराम अवघडला. गोणपाटातली फळी उचलून म्हणाला, "बाय, तुमचा घरचा काय ता मिटवा. मी उद्याला येतंय."

"नाही काका, तुम्ही बसा. घरचं घरात बोलला असता तर घरात मिटवलं असतं." तिने पॅनेलचा मेन स्विच खाली ओढला. मशीनचा पंखा घरघरत थंड पडला. "बोल, भाई. नाहीतर बोलव तुझा कळंबोलीचा वायरमन. मी उद्या तळोज्याला जाऊन माझी जागा परत मागते."

मुबारकने फळीकडे पाहिलं, काळूरामकडे पाहिलं. बहिणीकडे पाहायचं मात्र त्याला जमेना. ही धमकी नव्हे, हे त्याला कळलं होतं. ही पोरगी लहानपणापासून बोललं ते करणारी.

"काका," तो जमिनीकडे बघत पुटपुटला, "वायरिंग बरोबर होती. नाल मी बांधली होती, तीच आडवी आली. चूक माझी. सायराची नाही."

काळूरामने सुटल्यासारखा श्वास सोडला, फळी परत टेकवली. सगळं आटोपलं असं समजून मुबारकने स्विचकडे हात नेला.

सायराने त्याचा हात बाजूला केला. तिचा राग तसूभरही उतरला नव्हता, पण आवाज आता थरथरत नव्हता.

"मोठ्याने," ती म्हणाली. "सकाळी पंक्चरवाल्यापर्यंत गेलं होतं."