खड्ड्यातली फुलं

"पिशवी उलटी कर," मुकादमीण म्हणाली.

काडीनं पिशवी उलटी केली. डबा पडला, डोक्याला बांधायचं फडकं पडलं, आणि शेवटी मुठीएवढा एक गुच्छ पडला. तीन अॅस्टर, एक वाकड्या मानेचा गुलाब, भोवती शेवंतीची चार पिवळी फुलं, आणि सगळं केळीच्या सोपटानं बांधलेलं.

संध्याकाळचे पाच वाजलेले. दिवसभर उभं राहून बायकांच्या पोटऱ्यांत गोळे आले होते, घरी जायची घाई होती, पण फाटकातून एकही हलली नाही. दुसरीची फजिती बघायची म्हटली की थकल्या पायांनाही बळ येतं.

"हे काय?"

"खड्ड्यातली आहेत बाई. आखूड दांड्याची. फेकलेली."

"फेकली म्हणजे तुझी झाली का? खड्डा मालकाचा, तर खड्ड्यातलं पण मालकाचं."

"मग कुजतं ते पण मालकाचंच," काडी बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. तेवढं पुरलं. मुकादमिणीनं गुच्छ उचलला. "फार तोंड सुटलंय. सकाळी मालकापुढं उभी राहा, तिथं बोल."

फुलांच्या शेडमधलं काम तसं सोपं, पण जीव खाणारं. प्रत्येक फूल टेबलावरच्या पट्टीला लावायचं. दांडा खुणेपर्यंत पोचला तर पेटीत, नाही पोचला तर मागच्या खड्ड्यात. फूल देखणं असो नाहीतर नसो, विचारतो कोण? अकरा वर्षं काडी हेच करत होती. अंगानं वाळकी म्हणून शेडनं तिला काडी नाव ठेवलं होतं, आणि सासूच्या दुखण्यापासून तर ती त्या नावालाही उरली नव्हती.

सासू दीड महिन्यापूर्वी गोठ्यात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. आत सळई घातली, टाके सुकले, डॉक्टर म्हणाले, आता चालवा. पण म्हातारी म्हणाली, "आयुष्यभर चाललेच आहे. आता झोपते." डॉक्टरांनी समजावलं, लेकानं ट्रकवरून फोन करून हात जोडले, पण म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली ती पडलीच.

वॉर्डातल्या सिस्टरनं काडीला बाजूला घेतलं होतं. "आणखी पंधरा दिवस अशाच राहिल्या तर परत उठायच्या नाहीत. मग जेवणखाण, हागणंमुतणं, सगळं अंथरुणात. करणारी तू एकटी."

काडीनं मनातल्या मनात हिशेब केला. सासूची माया दाटून आली, असं काही नाही. खोटं कशाला बोला? बावीस वर्षांत या म्हातारीनं तिला धड एक गोड शब्द दिला नव्हता. दिवसभर शेड, वर हे अंथरूण, म्हणजे आपण म्हातारीच्या आधी जाणार, एवढंच तिला दिसलं.

गुच्छाचं मात्र आपोआप झालं. दवाखान्यात रिकाम्या हातानं किती दिवस जायचं, म्हणून एका संध्याकाळी तिनं खड्ड्यातली चार फुलं बांधून नेली आणि सासूच्या उशाशी ठेवली.

"अगं, पाण्यात ठेव ती. माना टाकतील," म्हातारी म्हणाली. "पेला खिडकीत आहे."

"ठेवते हो आत्याबाई," काडी म्हणाली, स्टुलावर बसली, आणि बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा म्हातारी वॉकर धरून खिडकीशी उभी होती आणि फुलं पेल्यात होती. खाट ते खिडकी चार पावलं. डॉक्टरांच्या बापाला जे जमलं नव्हतं ते खड्ड्यातल्या फुलांनी केलं होतं.

त्या दिवसापासून काडी रोज गुच्छ न्यायची आणि स्टुलावर डोळे मिटून बसायची. कधी सोंग असायचं, कधी खरंच झोप. म्हातारी पुटपुटत उठायची, "मेली झोपते, फुलांची काळजी नाही." चार पावलं जायची, चार यायची.

सकाळी मालकानं तो गुच्छ हातात फिरवून फिरवून बघितला. काडी दाराशी उभी होती. नोकरी गेली, असं धरूनच ती आली होती.

"दांडे मोडले कसे नाहीत? आमच्या पोरी बांधतात तेव्हा कटाकट मोडतात."

"ताजा दांडा आवळला की मोडतोच. तासभर सावलीत मलूल होऊ द्यायचा. मग वाकवाल तसा वाकतो. बांधून झालं की पाण्यात सोडायचा."

"कुणी शिकवलं?"

"सासूनं."

"माणसाचंही तसंच असतं म्हणा," मालक स्वतःशीच हसला. काडी हसली नाही. तिला ते कुणी सांगायची गरज नव्हती.

"आजपासून पट्टीचं काम बंद. तू हे गुच्छ बांधायचे. रोज दोनशे. लोकांना हातानं बांधलेली, स्वस्तातली भेट पाहिजेच असते. आणि बाई," तो मुकादमिणीकडं वळला, "खड्ड्यातलं एक फूल आता बाहेर जाता कामा नये."

काडीनं धीर केला. "मालक, एक मला न्यायचा होता. सासू दवाखान्यात आहे."

"एकीला दिला की पन्नास जणी मागतात."

बाहेर आल्यावर मुकादमीण म्हणाली, "नशीब काढलंस! बसून काम मिळालं."

पगार तोच. दोनशे गुच्छांत बोटांची सालटी निघाली, ओल्या सोपटानं पेरापेराला भेगा पडल्या. डोळ्यांपुढं दिवसभर फुलंच फुलं, आणि फाटकावर पिशवी उलटी. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

पहिल्या दिवशी म्हातारीनं विचारलं, "आज नाही?"

"नाही."

म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं. दुसऱ्या दिवशी विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळीच सिस्टरचा फोन आला, "काय झालं हो? परत उठत नाहीत त्या. पाय आखडायला लागलाय."

त्या संध्याकाळी काडी पाय ओढत दवाखान्याच्या वाटेला लागली. काय न्यावं, हे काही केल्या सुचत नव्हतं. रस्त्याच्या कडेनं गाजरगवत कमरेएवढं माजलं होतं, वर पांढऱ्या बारीक फुलांचा सडा. ते काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं का? शेतात राबणाऱ्या कुणाला ठाऊक नसतं? पण डोकं चालायचं थांबलं होतं आणि बोटांना सवय झाली होती. तिनं पदर हाताला गुंडाळून दहाबारा काड्या तोडल्या, मध्ये घाणेरीचे दोन तुरे खोवले, गवताच्या पात्यानं बांधलं. लांबून बरं दिसत होतं.

वॉर्डात जाऊन तिनं ते उशाशी ठेवलं आणि स्टुलावर अंग टाकलं.

म्हातारीनं मान वळवली. नाक वर केलं. "हे काय आहे?"

"गुच्छ."

"गुच्छ? अगं, गाजरगवत आहे हे! चाळीस वर्षं कंबर मोडून उपटलं मी! खाजवून खाजवून कातडं सोललं माझं, आणि ते तू माझ्या उशाशी आणतेस? फेक आधी!"

"फेकते. जरा बसू द्या हो."

"बसायचं काय? बी गळतंय त्याचं! इथं रुजलं म्हणजे?"

"फरशीत कसं रुजेल आत्याबाई?" काडी म्हणाली. डोळे उघडे ठेवायचं त्राण तिच्यात नव्हतं. आज सोंग नव्हतं, खरोखरच तिला सगळ्याचा वीट आला होता.

टक. टक. वॉकर वाजला. खिडकी चार पावलांवर, हे काडीला माहीत होतं. पण पाचवा टक झाला, सहावा झाला. तिनं डोळे उघडले. म्हातारी शेजारच्या दोन खाटा ओलांडून दाराकडं निघाली होती. गुच्छ वॉकरच्या मुठीशी आवळून धरलेला, आणि तोंडाचा पट्टा चालू. "एवढं माजलं तरी कुणाला दिसत नाही. आमच्या वेळी वाटेवर काडी राहू देत नव्हतो."

दारात सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन उभी होती. काडीनं तोंडावर बोट ठेवलं. म्हातारीनं दाराबाहेरच्या डब्यात गुच्छ भिरकावला, धापा टाकत उभी राहिली आणि सिस्टरवर खेकसली, "बघतेस काय? हात धुवायला पाणी कुठं आहे?"

दाराशेजारचं बेसिन सिस्टरच्या पाठीमागंच होतं. तिनं ते अंगानं झाकलं आणि लांब व्हरांड्याच्या पार टोकाकडं बोट केलं. "तिकडं आहे आजी. शेवटी."

टक. टक. टक.

काडी उठली नाही. तिला हसूही आलं आणि रडूही आलं, आणि दोन्ही दाबायला तिनं फडकं तोंडात धरलं. उद्या काय न्यायचं, याचा विचार आता सोपा झाला होता. उद्या लव्हाळा, परवा हरळी, मग काटेमाठ, शेतातलं एकेक तण. सासूच्या डोक्यात कशानं तिडीक जाते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? बावीस वर्षं त्यात तिचा स्वतःचाच पहिला नंबर होता.