टोला कोणी मारायचा?

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. लांबीला हातभर, रंगानं काळा, आणि स्वभावानं, आता लपवायचं कशाला, पक्का संशयी. मित्रांनो, तुम्ही माझ्याजवळ येऊन उभे राहिलात तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं, की ही मंडळी कशाला आली असतील? रागावू नका. माझी कहाणी ऐका आणि मग मला नावं ठेवा.

माझा जन्म दूरच्या एका पोलाद कारखान्याच्या भट्टीत झाला. तिथून मी कोल्हापूर-मिरज मार्गावर आलो. माझ्या अंगावरून गाड्या धडधडत जायच्या. रोज एक गँगमन हातोडी घेऊन यायचा आणि आम्हा रुळांना ठोकत पुढं जायचा. धडधाकट रूळ खणकन वाजतो. आत चीर पडलेली असली, की आवाज बद्द येतो, मग तो वरून कितीही गुळगुळीत दिसो. ही गोष्ट मी तिथंच शिकलो, आणि पुढं माणसांचे आवाजही मी त्याच कानानं ऐकू लागलो.

रूळ बदलले तेव्हा आम्हाला कापून विकलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आण्णांचा कारखाना होता. साखर कारखान्यांचे ऊस पिळणारे भलेमोठे रोलर तिथं दुरुस्तीला यायचे. आण्णांनी मला निवडून आणलं, दाराजवळच्या खांबाला साखळीनं टांगलं आणि शेजारी एक हातोडा ठेवला. सकाळी काम सुरू करायला टोला, जेवणाला टोला, सुट्टीला टोला. शिवाय काही विपरीत घडत असेल, तर सलग ठणाणा वाजवून सगळं काम थांबवायचं, हे माझं खरं मोठं काम. खंडेनवमीला माझ्यावर हळदकुंकू पडायचं. "आमचा घंटानाद हाय ह्यो," असं आण्णा पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे.

पण कोल्हापूरची माणसं आणि फुटबॉल, काय सांगू तुम्हाला! एकदा पेठेतल्या दोन तालमींच्या संघांची फायनल होती. दुपारी कुणीतरी गुपचूप येऊन मला सुट्टीचा टोला दिला. बघता बघता कारखाना रिकामा. आण्णा केबिनमधून बाहेर आले, तेव्हा लेथ नुसतीच फिरत होती आणि माणूस औषधाला नव्हता. आण्णा असे संतापले, की दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्याभोवती जाड जाळीचा पिंजरा बसवला आणि त्याला कुलूप घातलं. किल्ली स्वतःच्या करदोड्याला बांधली. फोरमननं किल्ली मागून न्यायची, टोला द्यायचा, किल्ली परत करायची. टोला देणाऱ्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून माझा सगळ्यांवरच संशय.

पुढं ठरल्या वेळी आपोआप वाजणारी विजेची घंटा आली आणि मला कुणी विचारेना. माझ्या पिंजऱ्याला लोक जेवणाचे डबे अडकवू लागले.

आता सांगतो ती गोष्ट त्याच काळातली. एका चैत्रात कारखान्यात छपराचा लोखंडी गर्डर साखळीनं वर चढत होता. बादशहा नावाचा तरणाबांड फिटर खाली उभा राहून दोरीनं त्याला दिशा देत होता. सकाळी फोरमननं सगळ्यांना विचारलं होतं, साखळी तपासली का? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं, "हुतंय की." मित्रांनो, हे दोन शब्द नीट ऐकून ठेवा. आमच्याकडं काम झालं असेल तरी "हुतंय की", व्हायचं असेल तरी "हुतंय की", आणि होणारच नसेल तरीही "हुतंय की". मला तो आवाज बद्द आला होता. साखळीची कडी उघडताना कुणाला तरी दिसली. तो ओरडला, पण ग्राइंडरच्या आवाजात कोण ऐकतो? तो माझ्याकडं धावला. पिंजऱ्याला कुलूप, आणि किल्ली आण्णांच्या कमरेला. आण्णा होते जोतिबाच्या यात्रेला, डोंगरावर, गुलालात. त्या माणसानं जाळीवर पाना आपटला, पण कारखान्यात खडखडाट काय नवा असतो? गर्डर खाली आला आणि बादशहाच्या पायावर पडला. पाय वाचला, पण कायमचा वाकडा झाला. मी हातभर अंतरावर होतो आणि मुका होतो. याचं दुःख लोखंडाला होत नाही, असं समजू नका.

आण्णा गेले. त्यांचे चिरंजीव अमरसिंह मालक झाले. बादशहा लंगडत लंगडत फोरमन झाला. सगळे त्याला चाचा म्हणू लागले. त्या दिवसाबद्दल तो कधीच कुणाशी बोलला नाही. पिंजरा तसाच राहिला. किल्ली अमरसिंहांच्या केबिनमध्ये देवाच्या फोटोखाली लटकली.

गेल्या हिवाळ्यात अमरसिंहांनी डोक्यावरून चालणारी नवी क्रेन बसवायचं ठरवलं. पाडव्याच्या मुहूर्तावर ती चालली पाहिजे, कारण त्यानंतर साखर कारखान्याचे जडशीळ रोलर येणार होते. कामावर देखरेख ठेवायला वारणानगरला शिकलेली अनुजा नावाची इंजिनिअर आली. मला ती पहिल्या दिवसापासून पटली नाही. ती फार बघायची. खांब बघायची, छत बघायची, माणसांचे हात बघायची. एके दिवशी माझ्यासमोर उभी राहिली आणि तिनं पिराजीला विचारलं, "पिराजीदादा, हा रूळ किती किलो भरेल?"

पिराजी म्हणजे आमचा नंबर एकचा फिटर. तोंडात कायम तालमीच्या मॅचच्या गप्पा आणि "हुतंय की". पूर्वीच्या त्या टोल्याचा संशय घ्यायला त्याचं वय पुरेसं नव्हतं, नाहीतर मी त्याचाच घेतला असता. तो हसून म्हणाला, "भंगारवाला सांगंल की."

झालं. त्याच आठवड्यात दाराशी खरोखरच भंगारवाल्याची गाडी लागली. जुने पत्रे गेले, पण अनुजानं मोबाईलवर माझे फोटो काढलेले मी पाहिले होते. आता माझी पाळी, असं मी धरूनच चाललो.

मग एका सकाळी तिनं माझ्या शेजारच्या भिंतीवर पांढरा फळा लावला. त्यावर क्रेनच्या कामाचे टप्पे लिहिले. खांबांचा पाया, खांब, गर्डर, वीज, चाचणी. प्रत्येकापुढं कोण करणार, कधी करणार, कोण तपासणार. इथवर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. शेवटी तिनं एक चौकोन आखला आणि वर लिहिलं, 'थांबवणार कोण?'

अमरसिंह हसले. "थांबवायचं कशाला, म्याडम? आपल्याला चालू करायचं हाय."

"चालू कोण करणार ते लिहिलंय, सर. काही चुकतंय असं दिसलं तर थांबवणार कोण?"

"मी हाय की. माझं नाव लिवा."

"तुम्ही दिवसभर इथं असता?"

अमरसिंहांच्या कपाळावर आठी चढली. "मग काय कुणीबी थांबवायचं? पिराजीला मॅच बघायची असली, की वाजवतोय बघा टोला. आण्णांनी उगंच न्हाय पिंजरा घातलेला."

सगळे हसले. पिराजी सगळ्यांत मोठ्यानं हसला. हसला नाही तो एकटा बादशहा. त्यानं वाकड्या पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेतला आणि म्हणाला, "आण्णा जोतिबाला गेलतं, मालक. किल्ली कमरंला घिऊन गेलतं."

बस, एवढंच. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तो हे बोलला होता. अमरसिंह फळ्याकडं वळले. मग म्हणाले, "ठीक हाय. पण आधीच सांगतो, कुणी उगंच वाजवला, तर त्याला त्याच पावली घरला पाठवीन. मग तो कोणबी असू दे." आणि केबिनचं दार लावून घेतलं.

अनुजानं त्या चौकोनात लिहिलं, 'ज्याला दिसेल तो.'

दुपारी पिराजी गॅसकटर घेऊन माझ्याकडं आला. ज्योत निळी झाली. मी मनातल्या मनात मिरज लाईनवरच्या जुन्या भावंडांचा निरोप घेतला. ठिणग्या उडाल्या, आणि माझ्याभोवतीची जाळी खाली पडली. मग दोघातिघांनी मला उचललं आणि नव्या क्रेनच्या खांबाशेजारी दणकट हुकाला टांगलं. वजन विचारलं होतं ते हुक किती जाड लागेल हे ठरवायला. अनुजानं नवा हातोडा माझ्याशेजारी अडकवला. तरीही मी तिच्यावर पूर्ण विश्वास टाकला नाही. सवय, मित्रांनो.

काम पुढं सरकलं. रोज सकाळी फळ्यापुढं सगळे उभे राहायचे, अनुजा विचारायची आणि फळ्यावर बरोबरची खूण करायची. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं विचारलं, "पिराजीदादा, चौथ्या खांबाच्या पायाचे नट आवळले?"

पिराजीच्या अंगात तालमीची जर्सी होती आणि पाय दाराकडं वळले होते. "हुतंय की."

बद्द आवाज! मला स्पष्ट ऐकू आला. पण तिला आला नाही. तिनं खूण केली. मी टांगलेलाच. माझं कोण ऐकणार?

पाडव्याला कारखाना नटला. दारावर आंब्याचं तोरण, खांबांना झेंडूचे हार. अमरसिंहांच्या घरची मंडळी आली होती. त्यांनी भल्या पहाटे येऊन चारी खांबांच्या पायथ्याशी सुरेख रांगोळ्या काढल्या होत्या. साखर कारखान्याचे पाहुणे आले. पिराजी पाना खिशात घालून चौथ्या खांबाभोवती दोनदा फिरला. नट रांगोळीच्या मधोमध. रांगोळीवर पाय कसा द्यायचा, तेही पाडव्याला? अमरसिंह ओरडले, "पिराजी, बाजूला हो, फोटो काढायचाय." तो बाजूला झाला. मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्याला घाम फुटला होता.

नारळ फुटला. क्रेननं जुना जड रोलर उचलला. खाली दोरी धरून दिशा द्यायला कोण उभं होतं? बादशहाचाचा. असल्या कामाला तोच लागायचा. रोलर माणसाच्या उंचीला गेला आणि क्रेन हळूहळू चौथ्या खांबाकडं सरकू लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं सगळं लक्ष पिराजीवर होतं. हा पळून जाणार, मी मनात म्हणालो. गपचूप दारातून सटकणार आणि नंतर म्हणणार, मला काय ठावं. मला त्याची खात्रीच होती. पिराजीनं एकदा खांबाकडं पाहिलं, एकदा चाचाच्या वाकड्या पायाकडं पाहिलं. आणि तो धावला तो माझ्याकडंच.

ठण! ठण! ठण! ठण! असा टोला मला उभ्या आयुष्यात कुणी दिला नव्हता. सगळ्या अंगातून नाद फुटला. क्रेनवाल्यानं बटणावरून हात काढला. रोलर हवेत थांबला. चाचा दोरी सोडून लंगडत मागं सरला.

"कोण रं त्यो?" अमरसिंहांचा आवाज चढला. पाहुण्यांसमोर मुहूर्त मोडला होता.

"मी," पिराजी म्हणाला. हातोडा अजून त्याच्या हातात होता. "चौथ्या खांबाचं नट नुसतं हातानं लावल्यात. पाना मारल्याला न्हाय. काल मी मॅचला गेलतो."

अमरसिंहांनी चपला काढल्या. रांगोळीवर पाय दिला, रंग विस्कटला, आणि खांबाशी उकिडवे बसले. त्यांनी दोन बोटांत नट धरला. तो फिरला. त्यांनी दुसरा धरला. तोही फिरला. मग त्यांनी वळून पाहिलं ते पाहुण्यांकडं नाही, चाचा मघाशी जिथं उभा होता त्या रोलरखालच्या रिकाम्या जागेकडं.

अनुजानं रोलर सावकाश खाली उतरवायला लावला. पिराजीनं हातोडा माझ्याशेजारी नीट अडकवला, खिशातला पाना काढून अमरसिंहांसमोर धरला आणि म्हणाला, "जातो मी, मालक."

अमरसिंह उठले. "जातोस कुठं? नट कोण आवळणार?"

पिराजी खाली बसला आणि कामाला लागला. त्याचे डोळे भरून आले होते. चाचा त्याच्याजवळ गेला, त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि मग माझ्याकडं बघत म्हणाला, "अजून बरा वाजतोय की रं ह्यो." एवढं बोलून तो चहा प्यायला गेला. अनुजानं मात्र फळ्यावरची आपलीच खूण पुसली, आणि त्या दिवसापासून स्वतः नटाला हात लावल्याशिवाय तिनं खूण केली नाही. क्रेन दुपारी चालली, मुहूर्त टळल्यावर. काही बिघडलं नाही.

मित्रांनो, मी म्हातारा आणि संशयी रूळ, मी तुम्हाला काय शिकवणार? एवढंच मागणं आहे. तुम्ही पुढं मोठी कामं आखाल. कोण काय करणार ते जरूर लिहा, पण कोण थांबवणार तेही लिहा, आणि माझ्यासारख्याला पिंजऱ्यात कोंडू नका. जो थांबवेल त्याला आधी ऐका, मग रागवा.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पुन्हा फळ्यापुढं उभे राहिले. अनुजानं विचारलं, "पिराजीदादा, रोलर ठेवायच्या स्टँडचं वेल्डिंग झालं?"

पिराजीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता तेच दोन शब्द येणार. मी कान टवकारले.

"न्हाय," पिराजी म्हणाला. "आजून न्हाय झालं."

खणखणीत आवाज होता. आत कुठंही चीर नव्हती.