आठवा बोल्ट

"कोणी मानणार नाही गा, पण देवाशपथ सांगून राहिलो," जागेश्वर मिस्त्री म्हणाला, आणि गोळीबार चौकातल्या त्याच्या टिनाच्या गॅरेजात बसलेल्या तिघांनी मांडी सावरली. मिस्त्रीनं देवाची शपथ घेतली, म्हणजे आता अर्धा तास खरं काही कानावर पडणार नव्हतं.

तिघांतले एक भैयाजी, धरमपेठेतले निवृत्त हेडमास्तर. नुकतीच दुरुस्त झालेली सत्तावन्न सालची काळी मोटार त्यांचीच. उरलेले दोघे, शालिकराम आणि नत्थू, टॅक्सीवाले. गेली दहा वर्षं त्यांच्या गाड्या इथंच यायच्या.

"इंजिनाच्या अंगाले मॅनिफोल्ड राहते ना, धूर सायलेन्सरकडे नेणारा, तो असा गंजला होता का हात लावला तं पापडावानी मोडे. भैयाजीनं गाडी सुरू केली का धरमपेठेतले कुत्रे थेट मौद्याले पळत. एक तं अजून वापस नाही आला."

"चिठ्ठी तरी पाठवली का त्यानं?" नत्थूनं विचारलं.

"तुले वाचता येते का? मंग कशाले पाठवन तो?"

चहाचे ग्लास मांडता मांडता चंद्रकला हसली. बावीस वर्षं ती नवऱ्याच्या थापा ऐकत होती. एखादी थाप मागच्या खेपेपेक्षा लहान निघाली, तर तिलाच चुकल्यासारखं वाटे.

"आठ बोल्टांवर तो मॅनिफोल्ड. सात निघाले. आठवा असा रुतला, का जोर लावला तं मुंडी तुटते अन् इंजिन भंगारात. तीन दिवस त्याले रॉकेल पाजलं. घरचा स्टोव्ह उपाशी!"

"मंग?" शालिकराम पुढं सरकला.

जागेश्वर थांबला. उजवा हात त्यानं मांडीखाली घेतला.

"मंग काय. तो मी नाही काढला. माह्या हाताले कंप सुटते आताशा, पाना टिकत नाही. तो हिनं काढला."

टॅक्सीवाले असे हसले, की नत्थूचा चहा सांडला. "कुत्रं मानलं, मिस्त्री! पण हे नाही!"

चंद्रकलेचं हसू मात्र गेलं होतं. दिवाळीपासून ती तो हात लपवत आली होती. गिऱ्हाईक उभं असलं की काही ना काही निमित्त काढून पाना स्वतःकडे घ्यायची. नाजूक काम ती दुपारी करायची, दार ओढून. मिस्त्रीचा हात कापतो हे कळलं, तर या दोन्ही गाड्या उद्याच दुसऱ्या गॅरेजात लागल्या असत्या. आणि जन्मात एकदा खरं बोलायला या माणसाला हेच दोघं सापडले!

"काईबी सांगतात हे," ती म्हणाली. "यायनंच काढला. मी निस्ती बत्ती धरून होती."

भैयाजींनी चष्मा पुसला. "मग तुटला कसा नाही वं तो?"

"तुटन कसा? एकदम ओढाचंच नाही ना. पाव आटा सैल करा, लगेच जराक वापस आवळा. माहेरी मागावर ताणलेलं सूत राहते ना, तसा तो बोटाले समजते. तुटायच्या आधी कुरकुरते. कुरकुरला का थांबा. थेंबभर रॉकेल, थोडा दम. मंग आपल्या मनानं येते बिचारा…"

बोलता बोलता तिची बोटं हवेतच काहीतरी हळूहळू फिरवत होती. टॅक्सीवाल्यांचं हसणं कधीच थांबलं होतं. जागेश्वर त्या बोटांकडे बघत होता.

"बत्ती धरणाऱ्या हाताले इतकं समजत नाही," भैयाजी म्हणाले. "खोटं बोलून राहिली तू, चंद्रकला मिस्त्री."