डॉक्टरांनी दिलेली तारीख

"आला मेला परत पाळणा घेऊन," शोभाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी कोपरानं फोन पालथा पाडला. कोपरानं, कारण दोन्ही हातांना गोंद होता. मांडीवर दिवाळीच्या मालातली जांभळी साडी पसरलेली, तिच्या काठाला एकेक खडा चिकटवणं चाललेलं.

साडीचं दुसरं टोक धरून बसलेल्या सुनेनं, योगितानं, मान वर केली नाही. फोन तिचा. दुपारी काम करता करता दोघींनी भजनं ऐकायची म्हणून तो पिठाच्या डब्याला टेकवलेला असे. पण दोन भजनांच्या मध्ये कुणाचं तरी गुटगुटीत बाळ यायचंच. आधी दुपटी आली, मग खुळखुळे, आता पाळणे.

होळीच्या सुमारास, आठव्या महिन्यात, योगिताचं बाळ पोटातच गेलं होतं. दवाखान्यातून बमरोलीच्या या खोलीत परतल्याबरोबर शोभाबाईंनी ठरवून टाकलं, की आता हा विषय घरात निघायचा नाही. शिवून ठेवलेली झबली त्यांनी देऊन टाकली. लेकाला, प्रशांतला, बजावलं. गल्लीतल्या बायकांना बजावलं. सगळ्यांनी ऐकलं. ऐकलं नाही ते या फोननं.

म्हणून आज त्यांनी शेजारच्या स्वातीला बोलावलं होतं. पोरगी मोबाईलच्या दुकानात कामाला, आज तिची सुट्टी.

"हिचं हे बंद करून दे बाई," त्या म्हणाल्या. 'हे' म्हणजे काय, ते सांगितलं नाही.

स्वातीनं ओढणीनं काच पुसली आणि इकडेतिकडे बोट फिरवलं.

"वहिनी, ते ॲप घेतलं होतं ना तुम्ही? बाळ किती मोठं झालं ते दर आठवड्याला सांगणारं?"

योगितानं मान डोलावली.

"त्यात डॉक्टरांची तारीख भरली असेल."

"एकोणीस एप्रिल." योगितानं इतक्या चटकन सांगितलं, की शोभाबाईंच्या हातातला खडा घरंगळला.

"तिथूनच गेली मग. ॲपवाले ती पुढं देतात, या व्हिडिओवाल्या कंपनीला. आणि तुम्ही कशावर किती वेळ थांबता, तेही इथं टिपलं जातं. त्यावरून दुकानवाल्यांच्या जाहिराती येतात."

"म्हणजे कुणी बसून बघतं आपल्याला?"

"नाही हो मावशी. माणूस नसतोच तिथं. सगळं आपोआप."

"मग त्या आपोआपला पुढचं नाही का कळलं?"

"पुढचं कुणी कळवलं नाही ना," स्वाती म्हणाली आणि तिनं जीभ चावली. मग घाईनं म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे. इथं 'लहान बाळ' हा विषय बंद केला, की येणं कमी होईल. करू?"

"कर," शोभाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे."

योगितानं गोंदाच्या हातानंच फोन ओढून घेतला.

"अहो वहिनी, पण त्रासच होतो ना..."

"ऱ्हाऊ दे म्हणते ना."

स्वातीनं एकदा सासूकडे पाहिलं, एकदा सुनेकडे. मग तिला एकदम गॅसवरचं दूध आठवलं आणि ती गेली.

फोन पुन्हा डब्याला टेकला. अर्धं भजन झालं आणि एक हसरी बाई आली. तिच्या मांडीवर लाळेरं बांधलेलं बाळ, हातात वाटी-चमचा. "छ महिना पूरा थया?" ती गुजरातीत विचारत होती.

योगिताचा हात थांबला. मेंदीसारख्या कोनातून साडीवर सोडलेला गोंदाचा थेंब तसाच वाळत गेला. चमचा बाळाच्या तोंडात जाईपर्यंत ती बघत राहिली. जाहिरात सरली, तशी बोटानं मागं नेऊन तिनं ती पुन्हा बघितली.

कशावर किती वेळ थांबता. शोभाबाईंना आत्ता उमगलं, पाळणे कोण बोलावत होतं ते.

एप्रिलमध्ये एक दिवस डोकं दुखतंय म्हणून ही भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. साड्या तशाच पडल्या म्हणून आपण चार शब्द सुनावले होते. तारीख कुठं आठवायला! त्यांनी बोटांच्या पेरांवर महिने मोजले. एप्रिलपासून सहा. बापानं मोजले नव्हते, आजीनं नव्हते. घरात एकट्या या डबड्यानं मोजले होते.

त्यांनी नखानं बोटांवरचा गोंद खरवडून काढला. बराच वेळ काढला. मग हात लांब करून भजन बंद केलं.

"उष्टावण असतं आता," त्या म्हणाल्या. "तुझा कुंदन आला असता कामरेजहून. मामाच लागतो ना, खीर भरवायला."

योगितानं साडी मांडीवरून खाली ठेवली.

"आई, मला त्याचं तोंडसुद्धा कुणी दाखवलं नाही."

"मीच नको म्हटलं होतं." शोभाबाई साडीच्या काठाकडे बघत होत्या. "मला वाटलं, बघितलंच नाही तर विसरशील."

खाली गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"मी बघितला होता," शोभाबाई म्हणाल्या. "घेतलाही होता. नाक तुझं होतं गं, असं टोकाला जरा वर. केस डोकंभर. आणि मूठ मिटलेली होती, ती मी उघडून बघितली."