पडलेल्या वाऱ्याची नोंद

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलंत तर भंगार म्हणाल. एका दांड्यावर चार वाट्या, त्यांतली एक चेपलेली, आणि खाली आकडे दाखवणारी गंजकी डबी. मी एक जुना वारामापक आहे. वारा आला की माझ्या वाट्या फिरतात आणि डबीतले आकडे पुढे सरकतात. वारा पडला की आकडे जिथल्या तिथे राहतात. एवढंच माझं काम.

पुण्याच्या एका कारखान्यात मी घडलो आणि १९७४ साली किन्हीराजा गावाजवळच्या एका टेकडीवर आलो. टेकडीच्या पायथ्याशी बौद्धवाडा होता. बहात्तरच्या दुष्काळात तिथे खोल विहीर खणली होती. डिझेलचं इंजिन तिचं पाणी वस्तीच्या टाकीत चढवायचं आणि निजामुद्दीनचाचा ते इंजिन चालवायचे. त्याआधी वाड्यातल्या बाया नाल्याकाठच्या जुन्या बारवेत उतरून पाणी आणत. पुढे डिझेल महागलं, वेळेवर मिळेनासं झालं, म्हणून पवनचक्कीची योजना निघाली. इथे वारा किती आहे, हे मोजायला मला उभं केलं.

माझे आकडे लिहायला वाड्यातल्याच इंद्रभानला नेमलं. मॅट्रिक झालेला, अबोल माणूस. सकाळ-संध्याकाळ टेकडी चढायचा, डबी पुसायचा आणि वहीत आकडा लिहायचा. तापानं फणफणला असतानाही त्याने खाडा केला नाही. त्याची आई केशरबाई गवऱ्या वेचत कधी वर यायची.

“काय पाहतं रे त्याच्यात रोज?” तिने एकदा विचारलं.

“वाऱ्याचा हिसाब ठेवून राह्यलो, माय.”

“अन् वारा नसला त?”

“थे बी लिहितो. नसला थे बी लिहा लागते.”

आषाढात मी असा भिरभिरायचो की पाहुणे साहेब माझ्याकडे बघून खूश होत. कार्तिकात मात्र वारा पडायचा. पंधरा-पंधरा दिवस माझ्या वाट्या हलत नसत. तेव्हा कोणी साहेब टेकडीवर येत नसे. इंद्रभान यायचा आणि शून्य लिहायचा.

तीन वर्षांनी योजनेचे साहेब वही बघायला आले. त्यांनी शेवटचं पान उघडलं आणि वर्षाची सरासरी पाहिली.

“उत्तम! पवनचक्की बसवू, इंजिन दुसऱ्या गावी देऊ. दोन-दोन यंत्रं कशाला?”

इंद्रभानने कार्तिकाची पानं पुढे केली. “साहेब, सरासरी बरोबर हाये. पन हे पाहा. वारा पंधरा दिवस पडते. टाकीत पानी दोन दिवसांचं.”

“मशीन राहू द्या, साहेब,” निजामुद्दीनचाचा म्हणाले. “झाकून ठेवतो. वारा हाये तवर चक्की, नाई तवर हे.”

साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. घाईत होते. त्यांच्या कागदावर वाऱ्यासाठी एकच रकाना होता आणि त्यात एकच आकडा मावत होता. मला बोलता आलं असतं तर मी सांगितलं असतं, की तो आकडा माझाच आहे, पण तसा वारा मी क्वचितच पाहिला.

चैत्रात पवनचक्की उभी राहिली आणि इंजिन बैलगाडीवर चढवून नेलं. पावसाळाभर टाकी भरून वाहिली. लोकांनी चक्कीला हार घातला. मलाही एक फूल मिळालं.

मग कार्तिक आला. वारा पडला. तिसऱ्या दिवशी टाकी कोरडी झाली. विहीर इतकी खोल की हातानं पाणी ओढता येईना, म्हणून बाया पुन्हा बारवेच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरू लागल्या. इंद्रभानने इंजिनासाठी कचेरीत दोन अर्ज दिले. केशरबाई म्हणाली, “जन्मभर उतरली मी तिथं. मले काय होते?” अकराव्या दिवशी सकाळी भरली घागर घेऊन चढताना तिचा पाय घसरला. तिला वर काढलं तेव्हा जीव उरला नव्हता.

संध्याकाळी मातीवरून परतलेला इंद्रभान ओल्या कपड्यांनीच टेकडीवर आला. त्याने डबी पुसली, शून्य लिहिलं आणि माझ्या खांबाला टेकून बसला. “माय गेली,” तो म्हणाला. मी हलूही शकलो नाही.

पौषात इंजिन परत आलं. चाचांनी ते सुरू केलं. आता दोन्ही यंत्रं मिळून टाकी भरतात. जे आधी करायचं ते आधी केलं असतं, तर एक बाई आज गवऱ्या वेचत असती. माझं मोजणीचं काम संपलं आणि मला न्यायला कोणी आलं नाही. इंद्रभान अधूनमधून येतो आणि माझ्या दांड्याला तेल देतो.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, वाऱ्यावर आणि उन्हावर गावं चालवाल. जरूर चालवा. पण वारा किती, एवढंच विचारून उठू नका. वारा नसेल तेव्हा काय, हेही विचारा. आणि ज्याने ते रोज चढून जाऊन लिहिलंय, त्याची वही शेवटच्या पानावरून नका वाचू.