बाळंतिणीची धुरी

"माझ्या हाताखालची बाळंतीण म्हैन्याभरात भाकरी थापाय बसती. बंगळूरच्या डॉक्टरणीला काय कळतंय?" साऱ्या गाडीला ऐकवत तानूबाई निपाणीकडनं आली, ती ओवा, बाळंतशेपा अन् लोखंडी शेगडी कोळशासकट बांधूनच.

सर्जापूर रोडला लेकाचं घर पार आठव्या माळ्यावर. सून शिवलीला भिंतीकडं तोंड करून पडलेली. बाळ रडलं की पाजायची, परत ठेवायची, बघायची न्हाई. बाळ झोपलं तरी हिचे डोळे टक्क उघडे. उशाच्या डिंकलाडवांना मुंग्या लागल्या.

"आळस भरलाय. धुरी दिली की पळंल."

"आई, इथं धूर चालत न्हाई," अजिंक्य लॅपटॉपातनं मान न काढता म्हणाला.

"तुला धुरीवरच वाढवलाय. गप."

खिडक्या लावून तिनं निखाऱ्यावर ओवा टाकला. खोली अशी भरली की तिला सूनच दिसंना. तेवढ्यात छतावरचं डबडं कोकललं, भोंगा झाला अन् सारी इमारत जिन्यात. कुणाच्या काखेत कुत्रं, कुणाच्या टीव्ही. तानूबाईनं बाळ उचललं, "चल ग, पळ!" म्हणत खाली उतरली.

खाली बघती तर अजिंक्य हाय, त्याची मीटिंगबी चालू हाय, शिवलीला न्हाई. बाळ त्याच्या हातात कोंबून म्हातारी धापा टाकत परत वर चढली.

सून धुरात तशीच बसलेली. हात मांडीवर.

"आग म्हणून गाव पळालं, अन् तू का उठली न्हाईस?"

"बाळ गेलं न्हवं खाली, आत्याबाई? मग बास की. मी कशाला?"

रडली न्हाई. दूध नासलं म्हणून सांगावं तसं बोलली. गावाकडं शेजारची पद्मावती ओल्या बाळंतपणात असंच बोलायची. बाधा म्हणून घरचे अंगारा लावत बसले. ती विहिरीत सापडली.

"ह्यो आळस न्हवं, पोरी. चुकलं माझं. ऊठ, डॉक्टरणीकडं जाऊ."

खाली अजिंक्य म्हणाला, "थकली असंल, आई. मीटिंग संपू दे."

"जळू दे तुझी मीटिंग! रिक्षा बोलव."

रिक्षात बाळ मांडीवर घेऊन तानूबाईनं सुनेचा हात घट्ट धरला. "झोपत न्हाई, खात न्हाई, समदं मी सांगते. तू घाबरू नको."

शिवलीला पुटपुटली, "मला कुठंतरी निघून जावं वाटतंय. ते पण सांगा."

"सांगते, बाळा."

शेगडी विझवायची राहिली होती. रिक्षा गेटाबाहेर पडली अन् मागं भोंगा परत वाजला.