शेवटचा स्क्रू

पोराचं वागणं मिस्त्रीणबाईंच्या डोक्यात गेलं होतं. शिंपीभाऊजींचा टेबलफॅन त्यानं पुसून चकाचक केला, खोक्यात घातला आणि परस्पर घरपोच देऊन आला. वर तोंड करून सांगतो कसा, "आई, बाबांचं एक काम रेंगाळलं होतं, ते उरकलं."

"तुला कुणी सांगितलं होतं उरकायला?"

"एकच स्क्रू राहिला होता. बशीत पडला होता. लावून टाकला."

बाईंनी कपाळाला हात लावला. पोराला आपलं चुकलं कुठं ते कळेना. कळणार तरी कसं? बाप गेल्यावर कारखान्यातली नोकरी सोडून तो दुकानात बसायला लागला, त्याला अजून धड महिना नव्हता झाला. हात बापाचाच होता, पण जीभ कुणाची उचलली होती देव जाणे. दिवसभरात चार शब्द बोलला तर शपथ.

मिस्त्रींचं तसं नव्हतं. मिक्सर येवो, पंखा येवो, रेडिओ येवो, ते सगळं दुरुस्त करायचे आणि शेवटचा स्क्रू तेवढा बशीत ठेवायचे. वस्तूचा मालक आला की त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचे. "घ्या, पिळा. तुमची वस्तू, तुमचा हात लागू द्या." मग स्टूल पुढं सरकायचं, आतून चहा यायचा आणि त्या एवढ्याशा स्क्रूला अख्खी दुपार पुरायची नाही. शाळेतले मास्तर तर पिळून झालेला स्क्रू पुन्हा सैल करायचे. घरी सासुरवाडीची माणसं उतरलेली असली की हमखास.

"दुकान चालवता की धर्मशाळा?" बाई एकदा फणकारल्या होत्या.

"धर्मशाळाच," मिस्त्री म्हणाले. "तुझ्या चहावर टिकलीय म्हण."

नवऱ्याबरोबर रस्त्यानं जायचं म्हणजे बाईंना शिक्षा वाटायची. हा हाक मारतोय, तो हात धरून थांबवतोय, न्हावी अर्धी दाढी टाकून दारात येतोय. बाई नाक वर करून पुढं निघायच्या. पण कान मागं असायचे, आणि चाल हळू.

शिंपीभाऊजींचा पंखा हे मिस्त्रींचं शेवटचं काम. सगळं जोडून झालं, स्क्रू बशीत ठेवला, "उद्या ये रे" म्हणून दोस्ताला निरोप धाडला आणि त्याच संध्याकाळी बसल्या जागी गेले. त्यानंतरही शिंपी रोज दुकानात येऊन बसायचे, पंख्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "राहू दे वहिनी. सवडीनं पिळीन." पोरानं पंखा पोचवला आणि त्यांचं येणं बंद झालं. आज शिंपी, उद्या मास्तर. असं एकेक करून सगळे पांगले की मिस्त्रींची आठवण काढायला उरणार कोण? नुसती भिंत?

बाईंनी चपला घातल्या.

शिंपी घामानं निथळत मशीन चालवत होते. खोकं कापडाच्या गठ्ठ्यांमागं होतं, बांधलेलं तसंच.

"काय भाऊजी, वाट विसरलात?"

"यायला कारण नको का, वहिनी? पोरानं पंखा घरी आणून दिला. काम चोख आहे, नाव ठेवायला जागा नाही." त्यांनी मशीन थांबवलं. "पण तो स्क्रू मी मुद्दाम टाळत होतो. पिळला की दोस्ताकडचं माझं काम संपलं असतं."

बाईंनी पदरानं कपाळ पुसलं. डोळ्यांकडं पदर जाऊ दिला नाही. "खोकं उचला."

"कुठं?"

"दुकानात. का मी उचलू, या गुडघ्यांनी?"

दुकानात येताच बाईंनी पंखा टेबलावर आडवा घातला आणि बुडाचा स्क्रू स्वतः काढला. पोर उठलंच. "आई, धडधाकट पंखा खोलतेस?"

"स्टूल दे भाऊजींना."

बशीत पोरानं वायरचे तुकडे भरून ठेवले होते. बाईंनी ते ओतून टाकले, स्क्रू बशीत ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा शिंप्यांचं सुरू झालं होतं. मिस्त्रींच्या पहिल्या दुरुस्तीत रेडिओ गायचा थांबेचना. बंद केला तरी गायचा. शेवटी दोघांनी तो गादीत गुंडाळला आणि मालकाला सांगितलं, आजारी आहे, झोपलाय. पोर खो खो हसत होतं. बापासारखंच, मान मागं टाकून. बाईंनी पहिला कप त्याच्याच हातात दिला.

अंधार पडायला लागला तसे शिंपी उठले. स्क्रू बशीतच होता.

"पिळायचा राहिला, काका," पोर म्हणालं.

"आज मनगट दुखतंय. उद्या बघू."

ते गल्लीच्या वळणावर दिसेनासे झाल्यावर पोर आईकडं वळलं. "आई, असं केलं तर हा पंखा कधीच पुरा व्हायचा नाही."

बाईंनी कप गोळा केले, बशीला मात्र हात लावला नाही.

"बापासारखं दुरुस्त करतोस, त्यात खोट नाही," त्या म्हणाल्या. "आता बापासारखं बाकी ठेवायला शीक. आणि ते दुसरं स्टूल पुसून घे, उद्या मास्तरांना बोलावलंय."